खाडा धरून चालणारं अ‍ॅप

जिमच्या सभासदांसाठी अ‍ॅप बनवायचं ठरलं की आराखड्यात सगळ्यात आधी येते ती स्ट्रीक. सलग किती दिवस आलात त्याचा आकडा आणि शेजारी पेटती ज्योत. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर. कल्पना कळायला सोपी, बनवायला त्याहून सोपी, म्हणून जिकडेतिकडे तीच. पण मुंबईत नोकरीधंदा करणाऱ्या माणसाला व्यायामापासून तोडायचंच असेल, तर याहून खात्रीचा उपाय शोधून सापडायचा नाही.

कारण या शहरात खाडा पडतोच. जुलैत एखाद्या दिवशी कुर्ला-सायनच्या मध्ये रुळांवर पाणी चढतं आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. महिनाअखेरीला ऑफिस साडेआठशिवाय सुटत नाही. गणपतीला गावी गेलेला माणूस आठवड्याने परततो तेव्हा पोटात मोदक असतात आणि अंगात आळस. नवरात्र, दिवाळी, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, पाळी, ताप, घरी आलेले पाहुणे. कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलात तर वर्षाचे दहा-बारा आठवडे आधीच फाटलेले दिसतील. याला बेशिस्त म्हणायचं तर सगळं शहरच बेशिस्त ठरेल. म्हणून आराखड्याची सुरुवातच खाड्यापासून व्हायला हवी: चुकल्यानंतर माणूस परत कधी येतो, आल्यावर त्याला काय दिसतं आणि त्या दिवशी तो काय उचलतो. बाकी सगळं त्यानंतर.

‘एकवीस दिवस केलं की सवय लागते’ हे वाक्य जिमच्या भिंतींवरही दिसतं. त्याचा उगम मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहून ठेवलेल्या निरीक्षणात आहे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान एवढे दिवस जातात, असं त्याचं म्हणणं होतं. डंबेलशी त्याचा काही संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. रोजची एखादी साधी गोष्ट आपोआप घडू लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक होता ६६, आणि माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंतचा. एखादा दिवस चुकल्याने मात्र सवय लागण्यात काही मोडता पडला नाही. थोडक्यात, एका खाड्यावर आकडा शून्य करून अ‍ॅप सभासदाला जे सांगतं ते धादांत खोटं असतं. त्याने महिनाभर उचललेलं वजन कुठेही गेलेलं नसतं.

दुसरा पुरावा आणखी नेमका आहे. केटी मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका जिमसाखळीच्या ६१,२९३ सभासदांवर चार-चार आठवड्यांच्या ५४ युक्त्या लावून पाहिल्या आणि निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. सगळ्यांत पुढे राहिली ती चुकलेल्या वर्कआउटनंतर परत आल्याबद्दल छोटंसं बक्षीस देणारी युक्ती. तिने आठवड्याच्या फेऱ्या २७ टक्क्यांनी वाढवल्या. बक्षीस किती, तर ९ सेंटांच्या आसपास. आपल्याकडे त्यात कटिंगही येणार नाही. तेव्हा काम रकमेने केलं असं म्हणवत नाही. परत येण्याची कोणीतरी दखल घेतली, यानेच ते झालं असावं. चार आठवडे संपल्यावर बहुतेक युक्त्यांचा परिणाम ओसरला, हेही त्याच अभ्यासात आहे. नव्याचे नऊ दिवस अ‍ॅपलाही चुकत नाहीत.

आता अडचणीचा मुद्दा. अ‍ॅपचे पैसे सहसा सभासद देत नाही, जिमचा मालक देतो. आणि सगळे सभासद रोज यावेत असं मालकाला खरंच वाटतं का? हिशेब मांडून पाहा. ६०० सभासद आठवड्यातून तीनदा आले तर १,८०० फेऱ्या, सहा दिवसांत रोज ३००. त्यातले निम्मे संध्याकाळी सात ते दहामध्ये येणार, म्हणजे १५०. प्रत्येकाचा तास धरला तर एका वेळी ५० माणसं. उपनगरात पहिल्या मजल्यावर असलेल्या साध्या जिममध्ये स्क्वॉटचा एक रॅक आणि दोन बेंच. तिथे पन्नास माणसं म्हणजे संध्याकाळची विरार लोकल. न येणाऱ्यांच्या फीवर जिम चालते हे काउंटरवर कोणी बोलणार नाही, पण आकडे बोलतात. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या जिमचा हिशेब मांडला तेव्हा मासिक फी भरणाऱ्यांना दर फेरी सरासरी १७ डॉलरहून जास्त पडत होती. त्यांनी दहा फेऱ्यांचा पास घेतला असता तर १० डॉलर पडले असते. आपल्याकडे जानेवारीत जिम लावताना वर्षाचं पॅकेज एकरकमी गळ्यात मारतात. समजा १२,००० भरले आणि वर्षात तीसदा गेलात, तर दर फेरीला ४०० रुपये.

अशा धंद्यासाठी बनलेलं अ‍ॅप ओळखायला वेळ लागत नाही. फीची आठवण ठळक, ‘मित्राला आणा’ त्याहून ठळक, आणि सभासदत्व काही दिवस थांबवायची सोय चार पडदे आत, ‘आमच्याशी संपर्क साधा’च्या मागे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या पडद्यावरच्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या तेरा प्रकारांत वर्गणीचा सापळा आहे, सतत टुमणं लावणं आहे आणि नको म्हणणाऱ्याला लाजवणंही आहे. ‘आज पण आळस?’ अशा सूचना लिहिणाऱ्यांनी ती यादी एकदा डोळ्याखालून घालावी. ‘गावाला जातोय, दहा दिवस थांबवा’ हे बटण पहिल्या पडद्यावर हवं आणि ते दाबायला काउंटरवर फोन करावा लागू नये.

आराखड्यातला खरा बदल मात्र वेळापत्रकात करावा लागतो. आपल्याकडची ठरलेली मांडणी म्हणजे सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, मग शोल्डर, मग हात, आणि शुक्रवारी लेग. पाचही दिवस येणाऱ्याला ती चालते. आठवड्यातून दोनदा कसाबसा पोचणाऱ्याचं काय होतं? सोमवारी तो हमखास येतो, मंगळवारीही बहुधा. शुक्रवारी पार्टी असते नाहीतर गावची गाडी. वर्षभर छाती होत राहते, पाय तसेच. वाराला बांधलेल्या वेळापत्रकात खाडा नेहमी त्याच अवयवावर पडतो.

त्याऐवजी रांग ठेवावी. ‘अ’ आणि ‘ब’ असे दोनच वर्कआउट, दोन्हींत सगळं अंग. ‘अ’मध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस, केबल रो, ‘ब’मध्ये रोमानियन डेडलिफ्ट, ओव्हरहेड प्रेस, लॅट पुलडाउन, दोन्हींच्या शेवटी प्लँक. आज ‘अ’ झाला तर पुढच्या वेळी ‘ब’, मग ती पुढची वेळ परवा येवो की नऊ दिवसांनी. चुकलेला वर्कआउट रांगेत आपल्या जागी उभा असतो, त्यामुळे ‘बुधवारचं राहिलं, आज दोन्ही करतो’ हा अविचार करायला जागाच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या प्रमुख स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करण्याची आहे. ही रांग दोन फेऱ्यांत ती पुरी करते.

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे तीनऐवजी दोनच सेट, तेही अंगात दोन-तीन रेप्स, म्हणजे आवृत्त्या, शिल्लक ठेवून. उत्साही ट्रेनर पहिल्याच दिवशी लंजेस घालतो आणि तिसऱ्या दिवशी त्या माणसाला दादरचा पूल उतरता येत नाही. (चढणं जमतं, उतरताना मांड्या बोलतात.) हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जोरात असतं आणि दुसरा वर्कआउट नेमका त्याच खिडकीत येतो. नवख्याचा पहिला खाडा तिथेच पडतो आणि वहीत त्याची नोंद ‘आळस’ अशी होते. प्रत्येक वर्कआउटला एक छोटं रूपही हवं: पहिले दोन व्यायाम, दोन-दोन सेट, वॉर्मअपसकट पंचवीस मिनिटं. छोटं रूप केलं तरी फेरी पुरी धरायची. अर्धा गुण वगैरे देऊ नये, त्याने माणूस उगाच खट्टू होतो.

वजनांच्या बाबतीत परदेशी अ‍ॅप इथल्या जिममध्ये तोंडघशी पडतात. अ‍ॅप म्हणतं, पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. रॉडला वजन दोन्ही बाजूंनी सारखं चढवायचं, म्हणजे सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेट हव्यात. गल्लीतल्या जिममध्ये त्या बहुधा नसतात, असल्या तर जोडीतली एक बेपत्ता. सगळ्यात लहान प्लेट अडीचची, म्हणून लहानात लहान उडी पाच किलोची. ३० किलोवर बेंच करणाऱ्या बाईने थेट ३५ उचलायचं म्हणजे सुमारे सतरा टक्के वाढ. ती अडकते, ३० वर येते, पुन्हा ३५ ला अडकते, आणि अ‍ॅप दर वेळी लाल फुली मारतं. आपल्याच्याने हे व्हायचं नाही, असं तिला महिन्याभरात वाटू लागतं. दोष प्लेटच्या स्टँडचा आणि शिक्षा तिला.

तोड जुनीच आहे: आधी रेप्स वाढवा, मग वजन. ८ रेप्सपासून सुरुवात, तिन्ही सेटमध्ये १२ आल्या की मगच पाच किलो, आणि पुन्हा ८. पहिल्या दिवशी सहा-सात आल्या तरी त्याला अपयश म्हणायचं नाही. हे जमायला अ‍ॅपला त्या जिमचं सामान ठाऊक हवं. ती यादी जिमने एकदाच भरायची, सभासदाने नव्हे. ऑलिंपिक रॉड सहसा २० किलोचा असतो, पण कोपऱ्यातला आखूड रॉड सात-आठ किलोचाही निघू शकतो. अंदाज करण्यापेक्षा काट्यावर ठेवून पाहावा. प्लेटच्या किती जोड्या, डंबेल अडीचच्या टप्प्याने की पाचच्या, कुठपर्यंत. केबल मशिनच्या थप्पीवर पुष्कळदा किलोऐवजी नुसते क्रमांक असतात. तिथे क्रमांकच नोंदवावा आणि एका मशिनवरचा पाच दुसऱ्या मशिनवरच्या पाचाशी ताडून पाहू नये. संध्याकाळी रॅक अडलेला असेल तर एका टिचकीत पर्याय: स्क्वॉटऐवजी डंबेल छातीशी धरून गॉब्लेट स्क्वॉट, नाहीतर लेग प्रेस.

खाड्यानंतरचं पहिलं वजन ही सगळ्यात नाजूक जागा, आणि जवळपास कोणीच तिथे डोकं चालवत नाही. मनात अपराधीपणा, अंगात उसना जोर आणि पडद्यावर महिन्यापूर्वीचा आकडा, एवढं दुखापतीला पुरतं. आमचा ठोकताळा असा: तीन-चार दिवसांच्या खाड्याने काहीच बदलायचं नाही. आठवडा-दहा दिवस झाले तर वजन तेच, एक सेट कमी. तीन आठवड्यांपर्यंत वजन दहा टक्के उतरवायचं आणि दोनच सेट. त्यापुढे दोन महिन्यांपर्यंत वीस ते पंचवीस टक्के, निदान पहिल्या दोन फेऱ्यांना. दोन महिन्यांच्या वर गेलं तर नवख्यासारखी सुरुवात, फक्त वाढ भराभर, कारण आधी कमावलेली ताकद पहिल्यापेक्षा लवकर परतते. आलेला आकडा जिममधल्या प्लेटना जुळेल असा खाली आणायचा, वर कधीच नाही. ४० वरून दहा टक्के म्हणजे ३६, तर पडद्यावर ३५. हे आकडे ट्रेनरला बदलता आले पाहिजेत. पन्नाशीचा मधुमेही आणि पंचविशीतला फुटबॉलपटू यांना एकच गणित लावणं गाढवपणा आहे. आणि लांब खंडानंतर एकदम भरमसाट केलं तर स्नायूंच्या पेशी फुटून लघवी चहासारखी काळपट होणं हा प्रकार दुर्मिळ असला तरी खरा आहे. तो किडनीवर जातो. तशी लघवी दिसली तर थेट हॉस्पिटल, हे वाक्य अ‍ॅपमध्ये कुठेतरी असायलाच हवं.

नोंद करायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर माणूस तिसऱ्या आठवड्यात नोंद सोडतो. म्हणून मागच्या वेळचं वजन आणि रेप्स आधीच भरलेल्या, बरोबर असतील तर एक टिचकी. अँड्रॉइडच्या शिफारशीनुसार बटण किमान ४८ डीपी (पडद्यावरच्या मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर हवं. घामट बोटाला त्याच्या दीडपट द्यावं. सेट चालू असताना पडदा विझू नये. मराठी मजकुरासाठी ओळीची उंची वेगळी ठेवावी लागते, नाहीतर इंग्रजीच्या मापाने कापलेल्या चौकटीत वेलांट्या आणि उकार छाटले जातात. वजनाचे आकडे मात्र इंग्रजीतच ठेवलेले बरे, कारण प्लेटवर तेच कोरलेले असतात.

तळघरातल्या जिममध्ये रेंज नसते, तेव्हा नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे आणि नेट आल्यावर वर गेली पाहिजे. इथे नेहमीचा घोटाळा असा: नोंद वर जाते, पोच परत येईपर्यंत रेंज जाते, फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि तीन सेटचे सहा होतात. प्रत्येक सेटला फोनवरच एक वेगळा क्रमांक देऊन सर्व्हरने तो क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास गुपचूप टाकून द्यावा, एवढं पुरतं. हजेरीसाठी जीपीएसच्या नादी लागू नये. विश्वासाने चालणारं वर्तुळ शंभर-दीडशे मीटर त्रिज्येचं लागतं, आणि स्टेशनलगतच्या जिमभोवती तेवढं वर्तुळ काढलं की अर्धा प्लॅटफॉर्म त्यात येतो. गाडीची वाट पाहणाऱ्याची हजेरी लागते. पहिला सेट नोंदला की हजेरी, हा सरळ नियम. खोटी नोंद करून कोणी स्वतःलाच फसवत असेल तर त्यावर पहारा कशाला?

आठवण करून देण्यात वेळेपेक्षा वाट महत्त्वाची. डोंबिवलीहून लोअर परळला जाणाऱ्या बाईची संध्याकाळ डोळ्यापुढे आणा. दादरला गाडी बदलून, गर्दीतून सव्वा तासाने ती उतरते. जिम स्टेशनपासून घराच्या वाटेवर असेल तर ती परस्पर जाऊ शकते. एकदा घरी पोचून पर्स ठेवली, कुकर लावला, की संपलं. म्हणून नावनोंदणीत लक्ष्य-वजनाऐवजी हे विचारावं: ‘परस्पर येणार की घरी जाऊन?’ परस्पर येणाऱ्यांना आठवण आदल्या रात्री हवी, कपड्यांची पिशवी भरायची. संध्याकाळी सातला ‘चला जिमला’ म्हणून काही उपयोग नाही, बूट घरी आहेत. अँड्रॉइड १३ पासून सूचनांची परवानगी वेगळी मागावी लागते. ती पहिल्याच पडद्यावर मागितली की लोक ‘नको’ दाबतात. पहिला वर्कआउट झाल्यावर मागा. शिवाय बरेच फोन बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अ‍ॅपला मागच्या मागे मारतात आणि आठवण येतच नाही. ज्या फोनवर पाठवलेली सूचना उघडलीच जात नाही, तिथे ती सेटिंग कशी बदलायची ते चित्रासह दाखवावं.

तालमीत घडलेली जुनी मंडळी म्हणतील, जोर-बैठकांना अ‍ॅप कधी लागलं नाही. खरं आहे. तिथे वस्ताद होता. पोरगा चार दिवस दिसला नाही तर शेजारच्या पोराकडे निरोप जायचा. अ‍ॅपने वस्तादाची जागा घेऊ नये, त्याच्या हातात यादी द्यावी. रोज सकाळी ट्रेनरच्या फोनवर पाच नावं, दहा दिवसांत न फिरकलेल्यांची, शेवटी काय केलं होतं त्यासकट. पाचच, पन्नास दिली तर तो एकही फोन करणार नाही. आणि हा फोन पीटीचं (पर्सनल ट्रेनिंगचं) पॅकेज विकायला नाही, हे मालकाने लिहून द्यावं. ट्रेनर जिम बदलत राहतात आणि सभासदाचा सगळा इतिहास त्यांच्या डोक्यातून निघून जातो, म्हणून नोंदीची मालकी सभासदाची हवी, दुसऱ्या जिमला नेता येईल अशी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती लागते. पोटाचे फोटो आणि पाळीच्या तारखा ज्या ट्रेनरला दिसायची गरज नाही त्याला दिसू नयेत. सभासदांची क्रमवारी तर नकोच. तिच्यात पहिले दहा तेच असतात जे अ‍ॅपशिवायही आले असते.

शेवटी पैशाचं. अ‍ॅप बनवणाऱ्याला मोबदला कशावर मिळतो यावर अ‍ॅप कसं होतं ते ठरतं. रोज किती जणांनी उघडलं हा आकडा करारात असेल तर ज्योती, नाणी, बक्षीसचक्र सगळं येणारच. आम्ही करारात दोनच आकडे मागू. बारा आठवड्यांपैकी निदान नऊ आठवड्यांत दोनदा आलेले सभासद किती? आणि आठवडाभराचा खाडा पडलेल्यांपैकी पुढच्या चौदा दिवसांत परतलेले किती? दुसरा आकडा जिमने दारावर लावावा, फीच्या तक्त्याशेजारी. जिम लावायला आलेल्या माणसाला ट्रेडमिल किती आहेत यापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

अ‍ॅप तपासून पाहायचं असेल तर ते चोवीस दिवस बंद ठेवा आणि पंचविसाव्या दिवशी जिममध्ये उभं राहून उघडा. विझलेली ज्योत नको, ‘तुमची आठवण आली’ नको, कागदी फुलांचा वर्षावही नको. वर लिहिलेलं असावं: वर्कआउट ब. खाली: रोमानियन डेडलिफ्ट, ४० किलो, ८ रेप्स, २ सेट; गेल्या वेळी ५० होतं, आज मुद्दाम कमी. त्याच्या खाली एक मोठं बटण, ‘सुरू’. आणि बाजूला छोटं, ‘आज पंचवीसच मिनिटं आहेत’.